खोडलेले दोन आकडे

मित्रांनो, मी एक जुना श्वासमापक आहे. श्वास मोजणं हे माझं काम आणि काळजी करणं हा माझा स्वभाव. काम मला घडवणाऱ्यांनी दिलं. स्वभाव कुठून आला ते मलाच ठाऊक नाही. तुम्ही नुसते शिंकलात तरी मी तुमचे श्वास मोजायला लागतो.

दिसायला मी फार काही नाही. बुटांच्या खोक्याएवढी राखाडी पेटी, तिच्यातून पुढे आलेली वीतभर नळी, नळीच्या टोकाला तोंडात धरायचा तुकडा आणि बाजूला लहानसा पडदा. पेटीच्या पोटात एक भोंगा आहे. मला बनवलं तिथल्या शेवटच्या टेबलावर एक म्हातारे कारागीर बसायचे. त्यांना एका कानाने ऐकू येत नसे, म्हणून ते माझ्या नळीवर तळहात ठेवून माझे सूर तपासायचे. मला खोक्यात बंद करण्याआधी त्यांनी माझ्याबरोबर बोटाएवढी एक नळी ठेवली. तिच्या आत बारीक जाळी होती आणि बाहेर एक आकडा कोरलेला होता. ते म्हणाले, "ही तुझी कसोटी. रोज सकाळी ही तुझ्या तोंडाला लावतील. हिच्यावरचा आकडा आणि तुझ्या पडद्यावरचा आकडा एकच आला तर तू पास. आधी तू पास हो, मग दुसऱ्यांना तपास." ते शब्द मी जपून ठेवले आहेत.

आता मी नेमकं काय करतो ते सांगतो, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. तुमच्या छातीत एक मोठी श्वासनळी असते. तिला फाटे फुटत जातात, आणि फुटता फुटता ते इतके बारीक होतात की शेवटच्या फाट्यांत आगपेटीची काडीसुद्धा शिरणार नाही. दमा असलेल्या माणसाच्या या नळ्यांना आतून सूज येते. मोठ्या नळ्या सुजल्या की लगेच समजतं, छाती सूं सूं वाजायला लागते. बारीक वाटांची सूज मात्र चोरपावलांनी येते. माणूस हसतो, खेळतो, जिना चढतो, आणि आत वाटा अरुंद होत असतात. मग एखाद्या दिवशी थंड हवा, धूळ किंवा साधी सर्दी निमित्त होते आणि श्वास अडकतो.

माझा भोंगा दोन सूर सोडतो, एक बारीक आणि एक जाड. बारीक सूर मोठ्या नळ्यांपर्यंत जाऊन मागे फिरतो. जाड सूर खोल, पार शेवटच्या वाटांपर्यंत जातो. दोघांना किती अडथळा झाला याची वजाबाकी केली की बारीक वाटांची हालत कळते. वजाबाकी जेवढी मोठी, तेवढा झटक्याचा धोका जास्त. मी काही ज्योतिषी नव्हे. झटका अमुक दिवशी येईल असं मला सांगता येत नाही. वाटा अरुंद झाल्या आहेत, जपा, एवढंच मी सांगतो.

माझी खोली दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर होती, जिना चढून उजवीकडे दुसरं दार. एक टेबल, दोन खुर्च्या, वजनकाटा, भिंतीवर फुप्फुसांचं चित्र आणि वाऱ्याने सतत आपटणारी एक खिडकी. टेबलावर माझ्या शेजारी फुंकणी बसायची. फुंकणी म्हणजे जोरात फुंकून दम मोजायचं यंत्र. तिची परीक्षा सुरू झाली की सगळ्या मजल्याला कळायचं. "घ्या, घ्या, घ्या, आता फुंका! अजून! अजून! सोडू नका!" असा गलका व्हायचा आणि माणूस लालबुंद होऊन खुर्चीत मागे पडायचा. तिचा दरारा होता. मोठ्या नळ्यांचं ती अगदी चोख सांगायची, पण बारीक वाटांचं तिला फारसं कळत नसे.

माझ्यापुढे मात्र कोणाला फुंकावं लागत नसे. नाकाला चिमटा लावायचा, नळी ओठात धरायची आणि अर्धा मिनिट शांतपणे नेहमीसारखा श्वास घ्यायचा. माझे सूर तोंडात शिरले की ओठांना फुर्रफुर्र गुदगुल्या होत. म्हणून मुलांनी माझं नाव फुरफुऱ्या ठेवलं होतं. एकच पथ्य फार महत्त्वाचं होतं, ते म्हणजे दोन्ही गाल तळहातांनी घट्ट धरायचे. गाल मोकळे राहिले तर माझा सूर छातीत उतरण्याआधी गालातच फडफडून परत येतो, आणि मग मी बिचारा खोटाच चांगला आकडा दाखवतो.

आम्हा दोघांना सांभाळायची ती तपासणीची ताई. उंच, चटपटीत, केसांत नेहमी पेन खोचलेली. पहिल्या वर्षी ती रोज सकाळी न चुकता मला कसोटीची नळी लावायची, माझा आकडा वहीत लिहायची आणि माझ्या पेटीवर टिचकी मारून म्हणायची, "शाब्बास, पास." त्या टिचकीवर माझा पुढचा दिवस निभावून जायचा. डॉक्टरही तेव्हा माझं कौतुक करत. "फुंकणी आजचं सांगते, हा उद्याचं सुचवतो," असं ते शिकायला येणाऱ्या मुलांना सांगत. मी आतल्या आत फुलायचो, आणि लगेच घाबरायचो की आता उद्याचं चुकलं तर.

आणि एक दिवस चुकलंच. माझ्या नळीतली जाळी धुतली होती, ती पुरती वाळण्याआधीच परत बसवली गेली, आणि घाईत त्या सकाळची कसोटीही राहून गेली. ओल्या जाळीतून माझेच सूर अडखळले. त्या सकाळी सहा जण आले आणि सहाही जणांच्या बारीक वाटा मी सुजलेल्या दाखवल्या. सगळ्यांची धाबी दणाणली. त्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी तर दुपारपर्यंत आपली पुस्तकं कोणाकोणाला द्यायची तेही ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी चूक उघड झाली. डॉक्टर ताईवर चिडले, ताई माझ्यावर चिडली, मी कोणावर चिडणार?

दुरुस्तीवाला आला. त्याने जाळी वाळवली, कसोटीची नळी लावली आणि म्हणाला, "यंत्र उत्तम आहे. रोज नळी लावून बघत जा, म्हणजे असं होणार नाही." ताईने आठ दिवस ते केलं. नंतर गर्दी वाढली, सकाळ अपुरी पडायला लागली आणि नळी मागे पडली. मग एका वाऱ्याच्या दिवशी खिडकी फारच आपटायला लागली, तेव्हा ताईने हाताला लागेल ते उचललं आणि खिडकीच्या फटीत ठोकून बसवलं. ती माझी कसोटीची नळी होती. खिडकी आपटायची थांबली आणि सगळ्यांना बरं वाटलं. मी मात्र रोज त्या फटीकडे बघत बसायचो.

त्यानंतर माझा आकडा जरा वर गेला की ताई म्हणायची, "म्हातारा झालाय, काहीतरीच दाखवतो." पुन्हा मोजायची, आणि बरा आकडा आला की तोच ठेवायची. आधीच्या आकड्यावर माझ्या पडद्यावर एक छोटी फुली पडायची. फुली मारलेला आकडा कागदावर छापला जात नाही, पण माझ्या पोटात तो तसाच राहतो.

मित्रांनो, आता मी तुम्हाला रेडिओबद्दल सांगतो. ही दहा वर्षांची एक मुलगी. तिच्या तोंडाचा पट्टा दारातून सुरू व्हायचा तो जिना उतरेपर्यंत, म्हणून ताईने तिला हे नाव ठेवलं होतं. तिचे आईबाबा दोघंही कारखान्यात दिवसपाळीला, त्यामुळे तिला घेऊन तिची आत्या यायची. आत्या शिवणकाम करायची. गळ्यात मापाची पट्टी तशीच, कॉलरला दोनचार टाचण्या टोचलेल्या, हातांना मशीनच्या तेलाचा वास. ती भाचीच्या मागे उभी राहून तिचे गाल असे धरायची की जणू कापड सरकू नये म्हणून दाबून धरलंय. तिच्या हातांखाली माझा एकही सूर वाया जात नसे. रेडिओला लहानपणी दोनदा मोठे झटके आले होते. दुसऱ्या खेपेला तिला चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तेव्हापासून ती रोज सकाळ-संध्याकाळ सूज उतरवणारा पंप घेत होती.

त्या दिवशी ती आली ती उड्या मारतच. हातात एक पिवळा कागद होता. शाळेचं डोंगरावर पाच दिवसांचं शिबिर होतं, तंबूत राहायचं होतं, आणि कागदावर डॉक्टरांची सही हवी होती. तिने तो कागद ताईला मोठ्याने वाचून दाखवला. पंधरा तारखेला सकाळी सात वाजता बस निघणार होती. डॉक्टर मागच्या खेपेला म्हणाले होते की यावेळी सगळं ठीक आलं तर सकाळचा पंप बंद करून बघू. म्हणजे तिच्या दृष्टीने ती आज सुटणारच होती.

फुंकणीने तिला झकास ठरवलं. मग माझी पाळी आली. आत्याने गाल धरले, रेडिओ अर्धा मिनिट गप्प बसली, माझे सूर आत गेले. जाड सूर परत आला तेव्हाच मला धडकी भरली. खाली वाटा अरुंद झाल्या होत्या. मी आकडा दाखवला. ताईने कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, "परत." परत तोच आकडा आला, अगदी तसाच.

"याचं काहीतरी बिनसलंय," ताई म्हणाली. "तिसऱ्यांदा बघू."

"आत्या, तुझ्या हातांना तेलाचा वास येतो," रेडिओ म्हणाली. "मी माझे गाल धरते. मी काय लहान आहे?"

आत्या बाजूला झाली. रेडिओने एका हाताने एक गाल धरला. दुसऱ्या हातात पिवळा कागद होता, तो काही तिने सोडला नाही. दुसरा गाल मोकळाच राहिला. माझा निम्मा सूर त्या गालातच फडफडून परत आला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला भोंगा असूनही आवाज नाही. जे हाती आलं त्याचीच मी वजाबाकी केली आणि पडद्यावर छान, नेहमीसारखा आकडा उमटला.

"हां, आता कसं," ताई म्हणाली. तिने पहिल्या दोन आकड्यांवर फुल्या मारल्या.

आत्या पडद्याकडे वाकून बघत होती. ती म्हणाली, "ताई, मला यातलं काही कळत नाही. पण पहिली दोन मापं सारखी आणि तिसरं वेगळं आलं, तर मी कापड पहिल्या दोन मापांवर कापते."

ताई हसली. "हे कापड नाही हो, आत्या. आणि हा काही तुमच्या पट्टीसारखा भरवशाचा नाही. याने मागे सहा जणांना उगीच घाबरवलंय."

एवढ्यात रेडिओने आत्याची बाही ओढली आणि आत्या गप्प बसली. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून छाती ऐकली, ती साफ होती. फुंकणी उत्तम होती आणि कागदावर माझा एकच आकडा होता, तोही उत्तम. त्यांनी सकाळचा पंप बंद केला आणि पिवळ्या कागदावर सही केली. रेडिओ जिना उतरताना गात होती, ते मला वरपर्यंत ऐकू येत होतं.

पुढचे बारा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दार उघडलं की वाटायचं, तीच आली, परत मोजायला आली. पण यायचं दुसरंच कोणीतरी, आणि मी त्यांचा श्वास मोजायचो, आणि आत कुठेतरी ते दोन खोडलेले आकडे टोचत राहायचे. कधी वाटायचं, खरंच माझं बिनसलं असेल तर? ओल्या जाळीच्या दिवशीही मला मी बरोबरच वाटत होतो. हा विचार सगळ्यांत वाईट होता. आपण बरोबर आहोत की चूक हे जिच्यामुळे कळलं असतं, ती नळी खिडकीत होती, आणि माझ्यापासून तिचं अंतर जेमतेम चार हात होतं.

चौदा तारखेला सकाळपासून बोचरं वारं सुटलं. बाकावर बसलेल्या एका आजोबांनी दारातून आत डोकावून म्हटलं, "अहो, ती खिडकी तरी लावा. खोकला बरा करायला आलोय, वाढवायला नाही." ताईने खिडकी जोरात आतल्या बाजूला ओढली. फटीतली नळी सुटली, फरशीवर टणकन पडली आणि घरंगळत टेबलाच्या पायाशी आली. ताईने ती उचलली, फुंकर मारून धूळ उडवली. आता तिला ती कपाटात टाकता आली असती. पण नळीवर कोरलेला आकडा तिच्या नजरेला पडला. मग तिने आतली जाळी उजेडात धरून पाहिली, पुसली आणि ती नळी माझ्या तोंडाला लावली.

मित्रांनो, मी तेव्हा जेवढा घाबरलो होतो तेवढा कधीच घाबरलो नव्हतो. मी सूर सोडले. नळीवर जो आकडा कोरलेला होता तोच माझ्या पडद्यावर आला. ताईने पुन्हा लावली, पुन्हा तोच. तिसऱ्यांदाही तोच. तिने टिचकी मारली नाही, की शाब्बास म्हटलं नाही. ती हळूच खुर्चीत बसली आणि तिने माझ्या पोटातले जुने आकडे एकेक करून उघडायला सुरुवात केली, फुल्या मारलेले सगळे. चौथ्या नावावर तिचं बोट थांबलं. मग तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं आणि फोन उचलला.

आत्या फोन घेईना. शिलाई मशीनच्या खडखडाटात तिला घंटी ऐकू येत नसणार. ताईने तीनदा लावला. बाहेर आजोबा खोकत होते, फुंकणीसमोर माणूस चिमटा लावून तसाच बसला होता. चौथ्यांदा पलीकडून आत्याचा आवाज आला. ताईने फोनचा स्पीकर चालू करून तो टेबलावर ठेवला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"आत्या, भाची कशी आहे?"

"ठणठणीत आहे की. उद्याची पिशवी भरतेय."

"खोकला? धाप?"

"छे. जरा पहाटे खाकरते, पण तेवढं चालायचंच." आत्या थांबली. "फक्त आठवडाभर गप्प गप्प असते. मला वाटलं, मोठी होतेय, शहाणी होतेय."

ताई ताडकन उठली. "रेडिओ गप्प आहे? आत्या, तिला आत्ता घेऊन या. हातातलं काम तसंच टाका."

अर्ध्या तासात दोघी आल्या. रेडिओ जिना चढून आली आणि खुर्चीवर बसली. काही बोलली नाही. ताईने विचारलं, "काय गं, पिशवी भरली?" ती म्हणाली, "हो." आणि श्वास घेतला. "अजून दोरी... राहिलीय." तेवढ्याशा वाक्याला तिला मध्ये थांबावं लागलं. इतके दिवस ही मुलगी बोलायचं टाळत होती, कारण बोलायला श्वास लागतो, आणि ते तिचं तिलाही समजलं नव्हतं. किंवा समजलं असेल, पण पंधरा तारखेपर्यंत कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

आत्याने गाल धरले. या वेळीही तिची पकड सुटली नाही. मी मोजलं. आकडा त्या दोन खोडलेल्या आकड्यांच्याही वर गेला होता.

ताईने दोन्ही दिवसांचे सगळे आकडे छापले, फुल्या मारलेलेसुद्धा, आणि कागद घेऊन डॉक्टरांसमोर उभी राहिली. दार उघडं होतं. "चूक यंत्राची नव्हती, माझी होती," ती म्हणाली. "मला जो आकडा आवडला तो मी तुम्हाला दिला." डॉक्टरांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग ते इतकंच म्हणाले, "मीही विचारलं नाही की बाकीचे कुठे आहेत."

त्यांनी सकाळचा पंप पुन्हा सुरू केला, वर पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, आणि पिवळा कागद परत मागून घेतला. रेडिओ रडली नाही. रडायलाही दम लागतो. ती माझ्याजवळ आली, माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "खोटारडा," आणि टेबलाच्या पायाला तिने लाथ मारली. मी नखशिखांत हादरलो. शिबिर बुडालं होतं हे खरं. झटका येईलच असं मी तेव्हाही छातीठोकपणे सांगू शकलो नसतो. दुसऱ्या दिवशी सात वाजता बस निघाली असेल तेव्हा मी अंधाऱ्या खोलीत बसून तिच्या रिकाम्या जागेचा विचार करत होतो.

अठरा तारखेला आत्या एकटीच आली. नंबर न लावता थेट खोलीत आली आणि ताईसमोर उभी राहिली. गळ्यात पट्टी नव्हती. ती म्हणाली, "काल पहाटे आला अटॅक. औषधं चालू होती म्हणून थोडक्यात निभावलं. दहा मिनिटांत इथे खाली आणली, वाफ दिली, दुपारी मिटक्या मारत जेवली." मग ती म्हणाली, "शाळेत विचारलं मी. त्या डोंगरावरून दवाखाना दोन तास लांब आहे, ताई." ताईने तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं. मला वाटलं होतं, आपण बरोबर ठरलो की आनंद होईल. तसं काही झालं नाही. फक्त इतक्या दिवसांनी जीव भांड्यात पडला.

त्या दिवसापासून कसोटीची नळी माझ्यासमोर एका वाटीत राहायला लागली. खिडकीला ताईने लाकडाची खुंटी करून बसवली.

पुढच्या वर्षी नवीन श्वासमापक आला. पांढराशुभ्र, गुळगुळीत, पडदा माझ्या चौपट. मला पुसून भिंतीकडच्या फळीवर ठेवलं. मला वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. सोबतीला वाटीतली ती नळी होती. नव्याला आणणारा माणूस म्हणाला होता की याला नळीबिळी काही लागत नाही, हा आपला आपणच बरोबर असतो. हे ऐकून मी वाटीतल्या नळीकडे बघितलं.

पहिल्याच आठवड्यात रेडिओ आली. वर्षभरात उंच झाली होती. जिन्यातूनच तिचा आवाज येत होता. ती आत्याला सांगत होती की यंदाच्या शिबिरात तिच्या तंबूत कोण कोण असणार, दोरीच्या गाठी किती प्रकारच्या असतात, आणि त्यातल्या कुठल्या आत्यालाही येत नाहीत. ताईने तिला नव्यासमोर बसवलं आणि चिमटा पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"याला नळी लावली?" तिने विचारलं.

"याला लागत नाही म्हणतात," ताई म्हणाली.

"कोण म्हणतं? हाच ना?"

ताईला हसू आलं. ती उठली, माझ्या शेजारच्या वाटीतून नळी घेतली आणि नव्याच्या तोंडाला लावली. नळीवरचा आणि पडद्यावरचा आकडा रेडिओने स्वतः वाकून जुळवून बघितला. मग तिने पाठीवरची पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात मोकळे केले आणि मान मागे करून म्हणाली, "आत्या, धर." आत्याने आपले तेलकट हात तिच्या गालांवर ठेवले.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखी कितीतरी यंत्रं असतील. त्यांना पुसाल, झाकून ठेवाल, ते चांगलंच आहे. पण माझं मागणं थोडं वेगळं आहे. आमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, आणि आम्ही नकोसं काही सांगितलं म्हणून आम्हाला खोटंही ठरवू नका. आम्हाला रोज परीक्षेला बसवा. आम्ही पास झालो, तर मग नावडता आकडाही खोडू नका. आणि तुमच्यातलं एखादं बडबडं पोर अचानक गप्प झालं, तर ते शहाणं झालं असं समजण्याआधी त्याला जवळ घेऊन विचारा.

त्या दिवशी फळीवरून मला नव्याचा पडदा दिसत नव्हता. रेडिओला गप्प बसवायला ताईला तीनदा सांगावं लागलं. मग अर्धा मिनिट खोलीत फुर्रफुर्र सोडून कसलाही आवाज नव्हता. माझं काम नसतानाही मी तिचे श्वास मोजत होतो. ताईने एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, आणि तीनही आकडे छापून कागद आत्याच्या हातात दिला. आत्याने तिन्ही मापं बोट ठेवून वाचली आणि समाधानाने मान डोलावली. चिमटा निघाल्या निघाल्या रेडिओने जिथे वाक्य अर्धं सोडलं होतं तिथूनच पुढे बोलायला सुरुवात केली.